गॉब्लिनला मरायचं नसतं!

टेबलटॉप रोलप्लेइंग गेममधली लढाई बऱ्याचदा 'मी मारतो, मग तू मार' एवढ्यावरच अडकते. मग डीएम मॉन्स्टर मोठा करतो आणि लढाई आणखी लांबते. पण फाइट भारी होते ती मॉन्स्टरच्या आकारामुळे नाही. त्या मॉन्स्टरला नक्की काय हवंय, हे डीएमला माहीत असलं की अर्धं काम झालं!

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या पाचव्या आवृत्तीत लढाईचा एक राउंड म्हणजे गोष्टीतले सहा सेकंद. चार राउंडची मारामारी म्हणजे अवघे २४ सेकंद. टेबलावर मात्र याच २४ सेकंदांना जवळपास तास लागू शकतो. हिशेब करून बघा. पाच खेळाडूंनी आपापल्या पाळीला दोन-दोन मिनिटं घेतली आणि चार मॉन्स्टर हलवायला डीएमला चार मिनिटं लागली, तर एक राउंड १४ मिनिटांचा होतो. चार राउंडचे झाले ५६. यात तुमची पाळी संपल्यापासून परत येईपर्यंत १२ मिनिटं जातात. तेवढ्या वेळात समोर काहीच बदललं नाही, तर हात आपोआप मोबाइलकडे जातो. रील्स सुरू होतात. पाळी आली की प्रश्न येतो, "कोण उरलंय रे?" मग फासा, मग डॅमेज, मग परत रील्स.

हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. पाच जणांचे क्लास, इंटर्नशिप आणि लोकलच्या वेळा जुळवून महिन्यातून दोन रविवार मिळतात. त्यातले दोन-दोन तास अशा लढाईत गेले की आधी एक जण 'या वेळी जमत नाहीये' म्हणतो, मग दुसरा. भांडण न होताही ग्रुप संपतो. त्यामुळे लढाई कशी रचायची, हा डीएमसाठी निव्वळ हौसेचा प्रश्न राहत नाही.

ज्यांना हे प्रकरण फक्त 'स्ट्रेंजर थिंग्ज'मधल्या मुलांमुळे किंवा 'बॉल्डर्स गेट ३' या व्हिडिओ गेममुळे माहीत आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात. चार-पाच खेळाडू प्रत्येकी एक पात्र घेतात. कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. डंजन मास्टर म्हणजे डीएम जग उभं करतो आणि त्या जगातले बाकी सगळे लोक, प्राणी, राक्षस तोच खेळतो. तुम्ही काय करता ते बोलून सांगायचं आणि काम अवघड असेल तर २० बाजूंचा फासा टाकायचा. लढाई सुरू झाली की कोणाची पाळी कधी, हे 'इनिशिएटिव्ह'च्या फाशावर ठरतं.

सगळे जागच्या जागी का उभे राहतात?

नव्या डीएमची लढाई साधारण अशी असते. चौकोनी खोली, मधोमध चार गॉब्लिन, दारात चार हीरो. पहिल्या राउंडला सगळे धावत एकमेकांना भिडतात आणि मग शेवटपर्यंत कोणी जागचं हलत नाही. दोष खेळाडूंचा नाही, नियमच तसा आहे. शत्रूच्या हाताच्या टप्प्यातून तुम्ही बाहेर पडलात की त्याला तुमच्यावर एक फुकटचा वार करता येतो. याला 'अपॉर्च्युनिटी अटॅक' म्हणतात. तो टाळायचा तर 'डिसएंगेज' करावं लागतं आणि त्यात तुमची अख्खी ॲक्शन जाते. म्हणजे हललात तर तोटा, उभे राहिलात तर काही बिघडत नाही. मग शहाणा माणूस उभाच राहणार ना?

दुसरं कारण हिट पॉइंट. २७ हिट पॉइंटचा राक्षस एक हिट पॉइंट उरला तरी पहिल्याइतक्याच ताकदीने मारतो. त्यामुळे शून्यावर आणेपर्यंत त्याला झोडपत राहणं हीच सगळ्यात हुशार चाल ठरते. लढाईचा निकाल दुसऱ्या राउंडलाच कळलेला असतो, पण हिशेब पूर्ण होईपर्यंत फासे टाकत बसावं लागतं. अशा वेळी मॉन्स्टरचे हिट पॉइंट वाढवले, तर कंटाळाच वाढतो.

म्हणजे खेळाडूला हलवायचं असेल, तर त्या फुकटच्या वारापेक्षा मोठं काहीतरी पलीकडे ठेवायला हवं. जळणारं दार, पळवून नेला जाणारा माणूस, वाजायच्या बेतात असलेली धोक्याची घंटा, असं काहीही. मुख्य म्हणजे ते सगळ्यांना दिसलं पाहिजे.

बुद्धिबळाकडून ब्राउनस्टाइनकडे

ही अडचण या खेळात आली कुठून, हे त्याच्या वंशावळीत दिसतं. आपल्याकडच्या चतुरंगात पायदळ, घोडे, हत्ती आणि रथ होते. तोच खेळ पर्शिया आणि अरब जगातून फिरत युरोपात बुद्धिबळ म्हणून पोहोचला. १७८० मध्ये योहान हेलविग या जर्मन माणसाने बुद्धिबळाचा पट मोठा करून त्यावर नद्या, डोंगर, गावं आणली. पुढे १८२४ च्या सुमारास प्रशियाच्या सैन्यात 'क्रीगश्पील' आलं. त्यात एक पंच असायचा आणि कोणत्या सेनापतीला मैदानावरचं काय दिसतंय ते तो ठरवायचा. आजच्या डीएमचा हा पणजोबाच.

पण या सगळ्यात दोनच बाजू होत्या आणि दोघांनाही एकच गोष्ट हवी होती, समोरच्याचा पराभव. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या मिनेसोटात डेव्हिड वेस्ली याने आपल्या वॉरगेम ग्रुपसाठी 'ब्राउनस्टाइन' नावाच्या काल्पनिक गावाचा खेळ रचला. त्यात सैन्याचे सेनापती होतेच, पण गावचा महापौर, बँकर, विद्यापीठाचा प्रमुख अशाही भूमिका होत्या आणि प्रत्येकाला हवी असलेली गोष्ट वेगळी होती. मग खेळाडू ठरलेल्या पटावर थांबेनात. कोपऱ्यात जाऊन गुपचूप सौदे करू लागले. याच ग्रुपमधल्या डेव्ह आर्नेसनने पुढे 'ब्लॅकमूर' हे जादूचं जग उभं केलं आणि गॅरी गायगॅक्सबरोबर १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आणलं. तीन छोट्या पुस्तिका, एक खोका आणि पहिल्या छपाईच्या फक्त १००० प्रती.

म्हणजे या खेळाला दोन आजोबा आहेत. लढाईचे नियम वॉरगेमकडून आले आणि 'प्रत्येकाला वेगळं काहीतरी हवंय' ही गंमत ब्राउनस्टाइनकडून. फाइट बोअर होते तेव्हा बहुतेक वेळा हा दुसरा आजोबा टेबलावरून गायब असतो.

चार गॉब्लिन, दोन मेलेले घोडे

आता एक खरीखुरी केस बघू. २०१४ च्या स्टार्टर सेटमधली 'लॉस्ट माइन ऑफ फॅन्डेल्व्हर' ही मोहीम. जगभरात असंख्य लोकांनी आयुष्यातली पहिली लढाई इथेच खेळली आहे. (ज्यांना ती खेळायची आहे, त्यांनी पुढचे दोन भाग वगळून थेट कबड्डीवर यावं. स्पॉयलर आहेत!)

हीरो मालाने भरलेली गाडी घेऊन फॅन्डालिन गावाकडे निघालेत. रस्त्यात दोन मेलेले घोडे आडवे पडलेत, अंगात काळ्या पिसांचे बाण. दोन्ही बाजूंच्या झाडीत चार गॉब्लिन दबा धरून बसलेत. लढाई सुरू झाली की दोघे पुढे धावतात आणि दोघे लांबून तीर सोडतात.

कागदावर गॉब्लिन म्हणजे किरकोळ प्राणी. सात हिट पॉइंट, फटक्याला सरासरी पाच डॅमेज. पण पहिल्या लेव्हलच्या जादूगाराकडे तरी कुठे जास्त असतात? दोन फटक्यांत तो आडवा. २०१४ च्या नियमांतलं एक्सपीचं गणित लावलं तर चार गॉब्लिनचे २०० एक्सपी होतात. शत्रू तीन ते सहा असले की आकडा दुप्पट धरायचा, म्हणजे ४००. पहिल्या लेव्हलच्या चार जणांसाठी 'डेडली'ची रेषा बरोबर ४०० वर आहे! गंमत म्हणजे २०२४ च्या नव्या नियमांत दुप्पट करणं काढून टाकलंय. तिथे तेच २०० एक्सपी चौघांसाठी सगळ्यात खालच्या, 'लो' पातळीत बसतात. एकाच संख्येला एक पुस्तक जीवघेणी म्हणतं आणि दुसरं सोपी. आकडेमोड करावी जरूर, पण लढाई कशी होईल हे त्यातून फारसं कळत नाही.

कळतं ते गॉब्लिन काय करतात त्यावरून. त्यांच्याकडे 'निंबल एस्केप' नावाची युक्ती असते. वार केल्यानंतर बोनस ॲक्शन वापरून ते लपू शकतात किंवा फुकटचा वार न खाता सटकू शकतात. म्हणजे ज्या नियमाने हीरो जागेवर अडकतात, त्यातून गॉब्लिन मोकळे. तीर सोडला, झाडामागे गडप. पुढच्या वेळी दुसऱ्याच झाडामागून तीर. डीएमने एवढं जरी नीट खेळलं तरी खेळाडूंना 'त्याला शोधू की जवळच्याला मारू?' असा खरा प्रश्न पडतो.

मोहिमेत आणखी दोन सूचना आहेत आणि त्या मला सगळ्यात महत्त्वाच्या वाटतात. तीन गॉब्लिन पडले की चौथा पळून जायला बघतो. आणि समजा गॉब्लिनच जिंकले, तर ते बेशुद्ध हीरोंना ठार करत बसत नाहीत. त्यांना आणि गाडीला लुटून निघून जातात. कारण त्यांना लूट हवी होती. हिरोंचे जीव घेऊन त्यांना काय मिळणार?

गुहा, लोंढा आणि ओलीस

गॉब्लिनच्या पायवाटेने गेलं की क्रॅगमॉ नावाची गुहा लागते. नकाशावर छोटीशीच आहे, पण लढाया कशा रचाव्यात याचा उत्तम नमुना. गुहेतून ओढा वाहतो, त्याच्या आवाजात बाकीचे आवाज दबतात. म्हणजे एका खोलीतली मारामारी शेजारी लगेच कळेलच असं नाही. दाराशी साखळीला बांधलेले लांडगे आहेत. त्यांना मारता येतं किंवा खायला घालून शांत करता येतं. त्यांच्या खोलीतून एक अरुंद कपार थेट वर सरदाराच्या दालनात निघते.

आत ओढ्यावर एक पूल आहे आणि पुलावर पहारेकरी. त्याला तुम्ही दिसलात तर तो पुढच्या गॉब्लिनना इशारा करतो, ते साठवलेलं पाणी सोडतात आणि लोंढा बोगद्यातून तुमच्या अंगावर येतो. इथे पुलावरचा गॉब्लिन तलवारीमुळे धोकादायक नाही. त्याचा इशारा धोकादायक आहे. त्याला गप्प करणं हा एक वेगळाच डाव होतो आणि त्यात चोराच्या चोरपावलांना योद्ध्याच्या कुऱ्हाडीपेक्षा जास्त किंमत येते.

त्यापुढे यीमिक. हा गॉब्लिन टोळीचा दुय्यम म्होरक्या. त्याच्याकडे सिल्डर नावाचा जखमी माणूस ओलीस आहे. लढाई उलटतेय असं दिसलं की तो सिल्डरला कड्याच्या टोकाशी ओढतो आणि म्हणतो, थांबा, नाहीतर याला खाली फेकतो. मग सौदा मांडतो. सरदार क्लार्गचं मुंडकं आणून द्या, हा माणूस तुमचा. यीमिकला क्लार्गची जागा हवी आहे. वर तो दगाबाज आहे, ते वेगळंच.

या एका क्षणी टेबलावर जे होतं ते कोणत्याही ड्रॅगनने होत नाही. फासे खाली ठेवले जातात. सगळे एकदम बोलायला लागतात. कोणी म्हणतं उडी मारून धरू, कोणी म्हणतं सौदा करू, एक जण म्हणतो गॉब्लिनवर विश्वास ठेवणार आहात का तुम्ही? एरवी गप्प बसणारी मैत्रीणसुद्धा बोलते, कारण या प्रश्नाचं उत्तर कॅरेक्टर शीटवर कुठेच लिहिलेलं नाही. त्यासाठी नियम पाठ असावे लागत नाहीत आणि हुकलं तर एका माणसाचा जीव जातो. मला विचाराल तर लढाईत 'दावणीला काय लागलंय' म्हणतात ते हेच. आपलं पात्र मरेल का, या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असतं आणि खेळाडूंना ते ठाऊक असतं. सिल्डर मरेल का, याचं उत्तर कोणालाच ठाऊक नसतं.

कबड्डीत सातही गडी मारायचे नसतात

स्पॉयलर चुकवून इथे आलेल्यांनो, सुटलात! आता एकच गोष्ट लक्षात घ्या. कबड्डीत चढाई करणाऱ्याला समोरचे सातही गडी बाद करायचे नसतात. त्याला कोणाला तरी शिवून मध्यरेषेवर परत यायचं असतं, तेही ३० सेकंदांत. बचाव करणाऱ्यांना त्याला परत जाऊ द्यायचं नसतं. दोन्ही बाजूंना वेगळं काहीतरी हवंय, मैदानाला रेषा आहेत आणि वर घड्याळ चालू आहे. प्रो कबड्डीत सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण मिळवावाच लागतो, नाहीतर चढाई करणारा बाद. म्हणजे नियमच कोणाला निवांत उभं राहू देत नाही.

टेबलावरच्या लढाईला हेच तीन प्रश्न विचारायचे. कोणाला काय हवंय? रेषा कुठे आहेत? घड्याळ कोणतं?

'काय हवंय' याची उत्तरं साधी असावीत. भुकेल्या लांडग्यांना एक खेचर ओढून न्यायचं असतं, डाकूंना पेटी, पुजाऱ्याला विधी पूर्ण व्हायला अजून तीन राउंड. हवं ते मिळालं किंवा मिळणार नाही हे कळलं की ते निघून जातात. १९८१ च्या बेसिक नियमांत यासाठी 'मोराल' होतं. टोळीतला पहिला पडला की आणि अर्धी टोळी पडली की डीएम सहा बाजूंचे दोन फासे टाकायचा. बेरीज मोरालच्या आकड्यापेक्षा जास्त आली तर शत्रू कच खाऊन पळायचा. गॉब्लिनचं मोराल होतं ७. म्हणजे ३६ पैकी १५ शक्यतांत, दर तपासणीला सुमारे ४२ टक्के, ते धूम ठोकणार. नव्या आवृत्तीतही हा नियम गुपचूप वापरायला कोणाची हरकत नाही. लढाईचा कंटाळवाणा शेवट आपोआप कापला जातो.

'रेषा' म्हणजे जमीन. उंची, आडोसा, अरुंद जागा, पाणी. पाचव्या आवृत्तीत अर्ध्या आडोशामागे उभं राहिलं की आर्मर क्लासमध्ये २ ची भर पडते, पाऊण आडोशाला ५ ची. दहा फुटांवरून पडलं की सहा बाजूंच्या एका फाशाएवढं डॅमेज. पण नकाशावर दहा गोष्टी ठेवू नका, कोणीच लक्षात ठेवत नाही. तीन पुरेत. एक लपायला, एक चढायला, एक मोडायला.

'घड्याळ' म्हणजे दर राउंडला होणारा बदल. पाणी चढतंय, आग पसरतेय, पूल कलतोय. २०१३ च्या '१३थ एज' या गेममध्ये तर हे चक्क टेबलावर ठेवतात. दुसऱ्या राउंडपासून सहा बाजूंचा एक मोठा फासा १ वर मांडायचा आणि दर राउंडला एकाने वाढवायचा. तेवढी भर हीरोंच्या हल्ल्यात पडते. लढाई जितकी लांबते तितका तिचा वेग वाढतो.

डीएमला जिंकायचं नसतं

इथे एक धोका आहे. शत्रू डोक्याने खेळायला लागले की डीएमला चेव येतो. १९८७ मध्ये 'ड्रॅगन' मासिकाच्या १२७ व्या अंकात संपादक रॉजर मूर यांनी 'टकर्स कोबोल्ड्स'ची गोष्ट सांगितली. टकर नावाच्या डीएमच्या डंजनमधले कोबोल्ड, म्हणजे खेळातले जवळजवळ सगळ्यात दुबळे प्राणी, भुयारं, भिंतीतली छिद्रं आणि आग वापरून बड्या बड्या हीरोंना पळता भुई थोडी करायचे. ही गोष्ट डीएम मंडळींत आजही आवडीने सांगितली जाते. पण सांगताना एक मुद्दा सुटतो. त्या हीरोंना पळता येत होतं आणि कोबोल्ड कुठे राहतात हे त्यांना माहीत होतं. धोका कुठे आहे हे ठाऊक असूनही ते तिथे शिरत होते.

म्हणून लोंढा सोडायचा असेल तर आधी भिंतीवरच्या पाण्याच्या खुणा दाखवा. छत कोसळणार असेल तर एक राउंड आधी माती पडू द्या. खेळाडूने ते ऐकून दुर्लक्ष केलं तर तो त्याचा निर्णय. न सांगता कोसळलं तर ती डीएमची दादागिरी. ज्या पात्राला कोणी आठ महिने जपलंय, ते अशा छताखाली गेलं तर राग खेळापुरता राहत नाही. पात्रं मरणार की नाही, मरणार असतील तर कशी, हे मोहीम सुरू होण्याआधीच एकदा सगळ्यांनी बसून बोलून घ्यावं.

एकटा मोठा राक्षस वापरतानाही असाच विचार लागतो. चार हीरोंच्या राउंडला चार पाळ्या, राक्षसाची एकच. म्हणून पाचव्या आवृत्तीतल्या प्रौढ ड्रॅगनला दर राउंडला तीन 'लेजंडरी ॲक्शन' मिळतात. त्या तो दुसऱ्यांच्या पाळ्या संपल्यावर वापरतो. शिवाय २०१४ च्या नियमांत तो स्वतःच्या गुहेत असेल तर इनिशिएटिव्ह २० वर गुहासुद्धा एक चाल करते. उलट गर्दी दाखवायची असेल तर २००८ च्या चौथ्या आवृत्तीतले 'मिनियन' आठवा. एक हिट पॉइंट, एका फटक्यात आडवे. बारा मिनियन लिहून ठेवायला काही लागत नाही आणि योद्ध्याला आपण हीरो असल्यासारखं वाटतं.

रविवारसाठी एक फाइट

हे सगळं वापरून एक लढाई मांडून बघू. पहिल्या-दुसऱ्या लेव्हलच्या चार हीरोंसाठी. नदीला पूर आलाय. हीरो दोराने ओढायच्या तराफ्यावर आहेत, सोबत धान्याची सहा पोती आणि एक म्हातारा नावाडी. पलीकडच्या गावात उपासमार आहे. मधोमध आल्यावर चार गॉब्लिन येतात. दोन पाण्यातून तराफ्यावर चढतात, दोन समोरच्या काठावर दोर कापायला बसतात.

काय हवंय? गॉब्लिनना पोती हवीत, कारण तेही उपाशी आहेत. हीरोंना पोती आणि नावाडी दोन्ही पलीकडे न्यायचेत. रेषा कुठे? तराफ्याची कड, दोर आणि पोत्यांचा आडोसा. घड्याळ? तिसऱ्या राउंडच्या शेवटी दोर तुटतो. त्यानंतर तराफा दर राउंडला ३० फूट वाहतो आणि सहाव्या राउंडला खडकांवर आदळतो. दोराचा एकेक पीळ सुटतोय हे पहिल्या राउंडपासून सांगायचं.

आता बघा, योद्धा तराफ्यावरच्या गॉब्लिनशी लढेल की दोर धरेल? जादूगार काठावरच्यांना झोपवेल का? एखादी खेळाडू म्हणेल, दोन पोती फेकून देऊ त्यांना, जाऊ देत. तसं केलं तर गॉब्लिन खरंच जातात. लढाई तिथेच संपते आणि गावात चारच पोती पोहोचतात. कोणाला द्यायची, कोणाला नाही, हा पुढच्या रविवारचा प्रश्न. सहाही पोती वाचवली पण नावाडी बुडाला, तर परत येताना तराफा कोण चालवणार? यातल्या कोणत्याच शेवटाला डीएमने 'हरलात' म्हणायची गरज नाही. गोष्ट पुढे जाते, फक्त वेगळ्या वाटेने.

टेबलावर वेळ वाचवायला दोन सवयी. पाळी सांगताना पुढच्यालाही सांगून ठेवा, "आता तू, पुढची तयारीत राहा." आणि दर राउंडच्या सुरुवातीला दोन वाक्यांत स्थिती सांगा. कोण कुठे, काय बदललं. मोबाइल खाली ठेवायला ओरडावं लागत नाही.

या सगळ्याला खर्च किती, तर जवळजवळ शून्य. पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम २०२३ च्या जानेवारीपासून क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्सखाली मोफत आहेत. फासे ॲपवर टाकता येतात. नकाशाला आलेखाची वही, हीरो म्हणून बुद्धिबळाच्या सोंगट्या आणि गॉब्लिन म्हणून शेंगदाणे. (मेलेला गॉब्लिन खाता येतो, हा जादा फायदा.) नियम इंग्रजीत असले तरी गोष्ट मराठीत सांगायला कोणी अडवलेलं नाही. "तो तुझ्यावर अटॅक करतो, फाइव्ह डॅमेज" याऐवजी "तो पोत्याआडून वाकून तुझ्या पोटरीवर वार करतो, पाच गेले" म्हणून बघा. आणि यीमिक तुमच्या गावच्या बोलीत सौदा करायला लागला की टेबल किती हसतं तेही बघा.

पुढच्या सेशनची तयारी करताना हिट पॉइंट लिहिण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर लिहा. या लढाईतून पळालेला शेवटचा गॉब्लिन घरी जाऊन काय सांगेल? "आम्ही मारलं, त्यांनी मारलं" एवढंच सुचत असेल, तर नकाशात अजून काहीतरी हवंय. "त्यांनी आम्हाला दोन पोती दिली" असं तो सांगणार असेल, तर फासे काढा आणि मित्रांना बोलवा.